करकचून मारलेली गाठ

सत्तरच्या दशकात लखनौला बीएस्सीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला नेमकं फ्लायव्हील आलं. भिंतीवरच्या जड लोखंडी चाकाच्या आसावर दोरा गुंडाळायचा आणि त्याच्या टोकाचं वजन खाली सोडायचं. दोऱ्याचा फास आसाच्या खुंटीवर नुसता अडकवलेला हवा. वजन खाली पोहोचलं की दोरा सुटून पडतो आणि चाक मोकळं फिरत राहतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फास ओढून पाहिला. "ढीली है," म्हणत त्यांनी स्वतःच करकचून गाठ मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अलीगंजच्या घरून निघताना बाबांनी बजावलं होतं, परीक्षकांशी वाद घालायचा नाही. मी दातओठ खात वजन सोडलं.

ते खाली गेलं. चाक थांबेना. दोरा उलटा गुंडाळायला लागला आणि वजन सगळ्यांदेखत परत वर चढू लागलं. लॅबमध्ये कुणी हसायलाही धजेना.

"गाँठ किसने बाँधी?" परीक्षक कडाडले.

"आपने, सर."

घरी पोहोचताच बाबांनी विचारलं, "वाद नाही ना घातलास?"

"छे! त्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं."