माझ्या मापाचं काम

“आडनाव काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं. मालक हसले. “बरं. जरा लांब उभे राहता का? पूजा आटपू दे.”

शहराबाहेरची एकवीस एकर जमीन. कोपऱ्याची पहिली खुंटी सकाळी मीच मोजून ठोकलेली. भूमिपूजन तिथेच होतं. मी लांब झालो. मालकांनी भाच्याला खूण केली. त्याने माझी खुंटी उपटली, गोमूत्राने धुतली आणि परत ठोकली. माझ्या खड्ड्यात नको म्हणून दोन फूट बाजूला.

मी बघत होतो.

विदर्भातून पुण्याला येऊन मला बारा वर्षं झालीत. जमीन मोजण्याचा धंदा एकट्याचा. बिबवेवाडीत भाड्याची खोली, तीच कचेरी. हे काम मिळालं म्हणून गुंठा-दोन गुंठ्यांची सगळी गिऱ्हाईकं मी परत पाठवली होती. मोठं काम घेतलं की माणूस मोठा होतो, असं वाटायचं. तेव्हा बोललो असतो तर हातात काहीच राहिलं नसतं. लाज वाटते सांगायला, प्रसादसुद्धा घेतला. वरून टाकलेला.

दुसऱ्या दिवशी खुंटी जागेवर आणायला गेलो. भाचा म्हणाला, “पूजेच्या खुंटीला हात लावायचा नाही.” मी हात मागे घेतला. ठेकेदाराने तिथूनच कुंपणाची भिंत धरली. भिंत शेजाऱ्याच्या जमिनीत गेली.

मग शनिवार पेठेतल्या मालकांच्या ऑफिसात बोलावणं. सगळे बसलेले, मी उभा. टेबलावर टाइप केलेला कागद. मोजणीत माझी चूक झाली, असं त्यात लिहिलेलं.

“अहो, एकट्या माणसाने झेपेल तेवढंच घ्यावं,” मालक म्हणाले. “करा सही.”

“खुंटी तुम्ही हलवलीत,” मी म्हणालो.

“पुरावा आहे?”

नव्हता. पण सही केली नाही. काम गेलं. माझ्या चुकीची गोष्ट मात्र त्यांनी गावभर केली. चार महिने फोन वाजला नाही. मी कुणाचं काही वाकडं करू शकलो नाही, आजही करू शकत नाही.

आता काम घेताना मी किती एकर ते आधी विचारत नाही. स्वतःलाच विचारतो, हे अर्ध्यावर टाकून निघालो तर घरात चूल पेटेल का? पेटणार नसेल तर ते काम माझ्यासाठी मोठं. मग ते अर्ध्या गुंठ्याचं का असेना. एका वेळी तीन-चार लहान कामं ठेवतो, कुणा एकाच्या मुठीत राहत नाही. लोक म्हणतात, याला मोठं झेपत नाही. म्हणू देत.

यापुढे कुणी मला लांब उभं राहा म्हणालं, तर मी मोजणीचं यंत्र मोटारसायकलला बांधीन आणि निघेन. खोळंबा त्यांचा होईल.