सीलबंद डीव्हीडी आणि कोरडा रुमाल

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच घरात अडीच तास कैदेत होतो.

परवा दिवाळीच्या सुट्टीत बघायच्या जुन्या पिक्चरची यादी मी आपल्या ग्रुपवर टाकली. पहिल्याच नावापुढं लिहिलं, 'शेवटाला रुमाल जवळ ठेवा.'

आज आपल्या ग्रुपमधले हर्सूलचे काका काकूंना घेऊन दारात हजर. "तुमच्याकडं त्या रुमालवाल्या पिक्चरची डीव्हीडी हाय ना? लावा, सोबतच बघू."

डीव्हीडी होती, पण सीलबंद. संग्रहातलं सील फोडायचं नसतं, म्हणून बारा वर्षं मी ती उघडलीच नव्हती. कव्हरवरची रडवेली हिरॉईन बघून रुमालाचं ठोकून दिलं होतं. आता नाही कसं म्हणणार? स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप प्लॅस्टिक फाडलं.

पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत विनोदी निघाला. काका मात्र मांडीवर रुमाल ठेवून रडायची वाट बघत बसले. मला ना हसवेना, ना उठवेना.

निघताना रुमालाची घडी खिशात घालत काका म्हणाले, "कोरडाच राह्यला की हो."

चुकलो, कबूल. पण माझ्या पोस्टखाली 'मी पण लई रडलो' लिहिणाऱ्या सातजणांनो, तुम्ही नेमके कुठं रडलात?