मरियममासीचा मुगरमान

मरियममासी खुळखुळा झाला की तो डोळ्यांसमोर कधीच वाजवून बघायची नाही. डोळे मिटायची, हात मानेच्या मागं न्यायची अन् कानापाशी हळू हलवायची. नारळाच्या करवंटीत दाणे भरून, वरून रंगीत कापड शिवून ती खुळखुळे विकायला करायची. आवाज पसंत नाही पडला तर सगळी शिलाई उसवायची. मी म्हणायची, मासी, दिसतो तर किती छान. ती म्हणायची, "आंख तो झूठी गवाह है, बेटा. पीछे से बजा, तब मालूम पडे."

आम्ही सुरतला गोडादऱ्यात राहायचो, खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना अन् वर खोल्या. मी धुळ्याकडून लग्न होऊन आलेली, सातवीत शाळा सुटलेली, रस्ता ओलांडायची पण भीती वाटायची मला. मासी शेजारच्या खोलीत एकटी. ती सिद्दी. पहिल्यांदा मला वाटलं कुठली परदेशातली बाई आहे, अन् तिनं तोंड उघडलं तर अस्सल सुरती गुजराती, ते पण शिव्यांसकट. माझं तोंड बघून इतकी हसली. म्हणाली, "दादा के दादा आफ्रिका से आये थे. बोली उधर रह गई, ढोल साथ आ गया."

तो ढोल तिच्या कोपऱ्यात उभा असायचा, माझ्या कमरेएवढा, खाली लाकडाचे पाय असलेला. मुगरमान म्हणायची त्याला. तिच्या वडिलांनी खोडातून कोरलेला. वाजवायच्या आधी लोबानाचा धूर द्यायची, अन् कोणाचा पाय लागू द्यायची नाही. एकदा झाडताना माझा पाय लागला तर संध्याकाळपर्यंत बोलली नाही माझ्याशी.

माझा सोनू वर्षाचा झाला तरी हाक मारली की बघायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "कारखानाना पोऱ्या शे, त्याले आवाजनं काय?" अन् ते खरं पण वाटायचं, कारण आमच्याकडची सगळीच पोरं त्या खटखटीत ढाराढूर झोपायची, थाळी पडली तरी हलायची नाहीत. मी तेच धरून बसले.

एक दिवस मासीनं सोनूसाठी खुळखुळा केला. समोर हलवला तर हा हसला, झडपच घातली. मला इतकं बरं वाटलं. मग मासीनं सवयीनं हात त्याच्या मानेमागं नेला. वाजवला. परत वाजवला, जोरात. सोनू माझ्या बांगड्यांशी खेळत राहिला.

मी म्हणाले, मासी, खाली लूमचा आवाज किती आहे.

"आज पावर बंद है, बेटा."

खरंच, सकाळपासून खाली सगळं गप्प होतं.

मी रडायलाच लागले, ह्यांना कसं सांगू, पोरासकट मला माहेरी धाडतील, तुझ्यातच खोट म्हणतील, काय काय बोलले मी. मासी म्हणाली, "तूने कान काट लिये क्या उसके? चूप. बुला तेरे आदमी को."

हे आले अन् दारातच उभे राहिले. मासीनं लोबान पेटवला, ढोलाला धूर दिला, कपाळ टेकवलं अन् पुटपुटली, "बाबा, माफ करना. बच्चा है, पांव से सुनेगा." मग सोनूला धरून त्याचे उघडे पाय तिनं त्या कातड्यावर ठेवायला लावले मला, अन् कडेला थाप दिली. सोनू दचकला. पायांकडे बघायला लागला. दुसऱ्या थापेला गुडघे वाकवून नाचला अन् असा खिदळला की तसं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"कान बंद है इसके," मासी ह्यांना म्हणाली. "दवाखाने ले जा. और छोकरी को कुछ बोला ना, तो यही हाथ तेरे सिर पे बजेगा."

हे चपला काढून आत आले, खाली बसले अन् दोन बोटांनी ढोलावर टकटक केलं. सोनूनं त्यांच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. मला कोणी माहेरी धाडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मासी गेली. तिचा भाऊ मुगरमान भरूचला घेऊन गेला. सोनू आता पळायला लागलाय. मासी असताना ती आतून आपल्या खोलीच्या दारावर थापा मारायची, हा बाहेरून तळहात लावून ऐकायचा, मग ती दार उघडायची, असा त्यांचा रोजचा खेळ होता. अजून तो तिच्या दाराशी जातो. कुलूप लागलेल्या दारावर हात ठेवून उभा राहतो. मासी गेली हे त्याला कसं सांगायचं ते मला येत नाही, ह्यांना पण येत नाही. तो उभा असतो तोवर मी पण उभी राहते.