पांढरं बीड

वडिलांची धुळ्यात लहानशी ओतशाळा होती. लोखंडाची मोडतोड वितळवून ते कापसाच्या जिनिंगसाठी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चाकं ओतत. त्यांच्याकडे ओतकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचू शकणारी घरात मी एकटीच. मिशनच्या शाळेतून परतल्यावर माझ्या इंग्रजीचा एवढाच उपयोग उरला होता. आणि अर्ज लिहिण्याचा.

जर्मनीशी लढाई सुरू झाली तसं चांगलं बीड मिळेना, भट्टीला दगडी कोळशाचा कोक मिळेना. कोकसाठी मी सरकारी कचेरीला तीन अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही. तशात धरणगावच्या एका जिनिंगचं मोठं दातेरी चाक फुटलं आणि नवं ओतायचं काम आमच्याकडे आलं. हे काम टिकलं तर ओतशाळा तगणार, नाहीतर कुलूप. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वडिलांनी उसाच्या चरकाचे जुने रूळ, शेगड्यांच्या जळक्या जाळ्या, जे मिळालं ते भट्टीत घातलं. चाक ओतण्याआधी ते त्याच रसाची एक लहान पाचर ओतत आणि गार झाल्यावर घणाने तोडून बघत. त्या दिवशी मी डबा घेऊन दाराशी उभी होते. तुटलेली बाजू पांढरीशुभ्र चमकली.

"भाऊ, हाई ते बठ्ठं चांदीनामायक शे!" साचे भरणारे म्हातारे नाना ओरडले. "याना ते शेटाणीले पाटल्या व्हतीन!"

आईच्या चांदीच्या पाटल्यांच्या त्या गोष्टीवर माणसं हसली. वडिलांनी तुटलेल्या कडेवर कानस ओढली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली. कानस बाजूला ठेवून ते म्हणाले, "ओता."

मोठ्या कामाची पाचर देव्हाऱ्यात ठेवायची आमच्याकडे रीत. आईने तिला हळदकुंकू लावलं. "काय तेज आहे," ती म्हणाली.

मी पुस्तक काढून पाहिलं. तुटल्यावर करडं दिसतं ते बीड चिवट. पांढरं दिसतं ते कठीण, पण ठिसूळ. तिसऱ्या दिवशी वडील ओसरीवर एकटे सापडले.

"ते बीड पांढरं आहे."

"माहीत आहे."

"दाते टिकणार नाहीत."

"बाई, कानस मी ओढली होती."

"पुस्तकात उपाय आहे. कित्येक दिवस लाल आचेवर ठेवलं तर ते चिवट होतं."

"आच कशाची?" ते म्हणाले. "तुझ्या अर्जांची?"

मी आत गेले.

चाक न्यायला आलेल्या माणसाला वडिलांनी सांगितलं, हे बीड हवं तसं नाही, यंत्र हळू चालवा. "हंगामात हळू?" तो हसला. "भाऊ, कापूस काय आमच्यासाठी थांबणार आहे?"

चाक चालू झाल्याच्या चौथ्या दिवशी दाते उडाले. कुणाला लागलं नाही, एवढंच. तुकडे त्याच गाडीतून परत आले. नानांनी ते एकेक करून उतरवून घेतले. त्या आठवड्यात वडिलांनी ओतशाळेला कुलूप लावलं.

नंतर कचेरीचं उत्तर आलं. छापील नमुन्यावर पुन्हा अर्ज करावा, असं त्यात होतं. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

पाचर अजून देव्हाऱ्यात आहे. आई रोज तिला कुंकू लावते. ते तेज कसलं आहे, हे तिला आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही.