शिलकीतलं इंधन

ऑफिसात त्याला सगळे चिक्कू म्हणत, तेही तोंडावर. पैशाच्या बाबतीत नव्हे हो, उपग्रहाच्या इंधनाच्या बाबतीत! फोन आणि टीव्ही चालवणारा तो उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून खालून एकाच जागी दिसतो. पण मेला सारखा सरकायचा, आणि इंजिनाचा धक्का देऊन त्याला जागेवर आणायचं काम चिक्कूचं आणि त्याच्या सोबत्यांचं. इंधन एकदाच भरलेलं. ते संपलं की उपग्रह भंगारात, आणि कंपनी नवा आणेल की कंट्रोल रूमला कुलूप लावेल, कोण जाणे.

बाकीचे आपापल्या ड्यूटीच्या सोयीने धक्का द्यायचे. चिक्कू नाही. इंधन कमीत कमी जाईल ती वेळ गणितानं काढायची आणि त्या वेळेला हजर व्हायचं, मग घरी काही का होईना. बायकोला ऑपरेशनला आत नेलं आणि हा इकडे पळाला. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझी सवत वर टांगून ठेवलीय." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. त्याच्या जिवाला लागलं, नाही असं नाही. पण ऑफिसातली आपली माणसं कामावर टिकली पाहिजेत, हे त्याचं एकच खूळ.

उपग्रहाची मुदत भरली, तरी टाकीत कित्येक वर्षांचं इंधन शिल्लक! साहेबांनी सगळ्यांसमोर चिक्कूची पाठ थोपटली आणि त्याच दमात सांगितलं, उपग्रह विकला. नवा आणायचा बेत ठरला होता, पण जुन्यालाच गिऱ्हाईक मिळालं म्हटल्यावर कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतलं. घेणाऱ्यांची स्वतःची कंट्रोल रूम आहे, तेव्हा इथल्या सगळ्यांना नारळ.

शेजारच्या टेबलावरची बाई वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर चहा घेत आलेली. तीच म्हणाली, "थोडा उधळा असतास ना चिक्कू, तर आमची चूल पेटती राहिली असती."

शेवटच्या दिवशी नव्या लोकांनी उपग्रह त्यांच्या जागेकडे न्यायला घेतला. त्यांनी आखलेल्या धक्क्यात इंधन पाण्यासारखं जाणार, हे चिक्कूने बघताच ओळखलं. त्याने फोनवर अक्षरशः हातापाया पडून सांगितलं, जरा हळू न्या, उशीर होईल पण इंधन वाचेल.

पलीकडचा पोरगा हसला. "काका, गिऱ्हाईकं खोळंबलीत. आणि इंधन काय, भरपूर आहे की."

पडद्यावरचा आकडा भराभर उतरत गेला. मग त्यांनी इथली लाइनच तोडली.

भरदुपारी तो घरी आला. "संपलं," म्हणाला.

बायकोने दार उघडलं, पण वाट सोडली नाही. "तिकडे जागा उरली नाही, तेव्हा घर आठवलं?"