नदीकडे पाठ करून

अंधारी नदीवर मी इतक्या वेळा गेले आहे, की त्या काठच्या जंगलातला एकेक पळस, एकेक वारूळ मी डोळे मिटून सांगेन. नदीचं मात्र मला विचारू नका. नदीकडे इतकी वर्षं माझी पाठच असायची.

हसू येत असेल तर हसा, मला कधी आलं नाही. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचं गाव. गोठ्याच्या मागे जंगल सुरू होतं आणि त्यात वाघ आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून गरी टाकायला एकट्यानं जायचं नाही, असा आमच्या गावचा नियम. गरी म्हणजे गळ: बांबूची काठी, तिला दोरा, दोऱ्याला आकडा. दोघांनी जायचं आणि काठावर पाठीला पाठ लावून बसायचं. एकाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं जंगलाकडे. जंगल पाहणाऱ्यानं, मासा लागो की मगर निघो, मागे वळायचं नाही. अधूनमधून हळूच "साफ हाय" म्हणायचं, की पाणी पाहणारा निर्धास्त.

आता आमच्या जोडीत पाणी कोण पाहायचं, हे सांगायला हवं का? आमचे हे. आणि जंगल पाहायला मी, लग्नाची बायको.

त्यात माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. बाप, भाऊ, सगळे जाळ्यावर पोट भरणारे. जाळं टाकलं, ओढलं, मासे काढले, घरी आले, असा सरळ कारभार. गरी घेऊन बसलेला माणूस दिसला की माझा बाप म्हणायचा, "ह्याले घरी बायको बसू देत नसन." त्याच बापाच्या लेकीच्या नशिबी हे ध्यान यावं! ह्यांचं घर शेतीवालं, धानाचं. पण ह्यांचा जन्म गेला घुग्घुसच्या बाजूला कोळशाच्या खाणीत, पाळ्या करण्यात. निवृत्त होऊन गावी आले ते दोनच गोष्टी घेऊन: अवेळी जागं होण्याची खोड आणि ही गरी.

नागपूरहून भाच्याचे दोस्त येतात, विचारतात, मावशी, गरी टाकायला कधी यावं? सांगते बाप्पा, ऐका. पावसाळ्यात येऊ नका. पाणी गढूळ, पूर कधी चढेल नेम नाही, आणि माशांचे अंडी घालायचे दिवस असतात, त्यांना तरी सुखानं राहू द्या. दसरा झाला, पाणी निवळलं की या. थोडं ढगाळ असलं तर उत्तम, मासा वर येतो. पाणी गढूळ असेल तर आकड्याला गांडूळ लावा, निवळ असेल तर कणकेचा गोळा, त्यात भाजलेल्या जवसाची चिमूट. उन्हाळ्यात तर अजिबात नको. तेव्हा नदी आटते, पाणी उरतं ते डोहात, आणि ज्या डोहावर तुम्ही बसाल त्याच डोहावर साऱ्या जंगलाला प्यायला यायचं असतं. ऊन चांगलं वर आल्याशिवाय जायचं नाही आणि ते कलायच्या आत घरी यायचं. वाकून, उकिडवं बसायचं नाही, वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो. आणि बडबड्या माणसाला सोबत न्यायचं नाही. एवढं सांगितलं की पोरं म्हणतात, मावशी, तुम्ही कधी मासा पकडला? काय सांगू त्यांना, कपाळ माझं?

ह्याच भाच्यानं ह्यांना मोबाइलवर एक खूळ लावून दिलं. कुठल्याशा थंड देशातले गोरे लोक झऱ्यात मांडीभर पाण्यात उभे राहून ट्राऊट नावाचा मासा धरतात, त्याचे व्हिडिओ. जेवताना तेच, झोपताना तेच. "पाह्य वं, एकटा उभा हाय माणूस. कसा निवांत!" मी म्हणते, त्याच्या पाठीमागे वाघ नाही, म्हणून निवांत. त्याला म्हणावं इथे येऊन उभा राहा मांडीभर पाण्यात. हे ऐकतात थोडेच? पालथ्या घड्यावर पाणी.

तर हे मोबाइल पाहायचे, तो नाकाला लावून. आधी मला वाटलं नाद लागला की माणूस असाच करतो. मग आकड्याला दोरा मी बांधायला लागले, "तुये हात बारीक हायत" म्हणून. मग चहात साखरेऐवजी मीठ. मग एकदा वेशीवर उभ्या बैलाला "रामराम भाऊ" म्हणाले. बैल बिचारा गप्प, तर ह्यांनाच राग: "लय माजला हा आताशा." तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मी हाताला धरून नेलं. डॉक्टरीण बाईनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करा, आठवड्यात घरी. साधी गोष्ट. पण ह्यांच्या चुलत्याचा डोळा कोण्या जमान्यात ऑपरेशनमध्ये गेला होता. ते धरून बसले.

"मोतीबिंदू-गितीबिंदू काई नाई," घरी येऊन म्हणाले. "कोळशाची धूळ गेली हाय जन्मभर. निघन हळूहळू. डोळ्याले सुई लावू देत नाई म्या."

"आणि तोवर?"

"तोवर काय? दिसून राह्यलं ना मले."

मी रागावले, रडले, अबोला धरला. अबोला धरला तर ह्यांना बरंच झालं, शांतपणे व्हिडिओ पाहायला मिळाले. शेवटी म्हटलं, डोळे दाखवल्याशिवाय मी नदीवर येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे एकटेच गरी खांद्याला लावून निघालेले. शेजारच्या गावातली बाई मोहफूल वेचायला थोडी बाजूला गेली, ती परत आली नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. तिच्या मातीला हे स्वतः गेले होते. तरी निघाले! मी चूल तशीच टाकून मागे धावले. दुसरं काय करणार होते? न दिसणारा माणूस त्या जंगलात एकटा गेला तर तो घरी यायचा नाही, एवढं तर मला दिसत होतं.

असा आमचा हिवाळा चालला होता.

पाठीला पाठ लावून बसलं की मागच्याचं सगळं कळतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले. दोऱ्याला मोरपिसाचा देठ बांधलेला असतो, तो पाण्यावर तरंगतो. त्याला आम्ही नुसतं पीस म्हणतो. माशानं तोंड लावलं की पीस हलतं, ओढलं की बुडतं. पीस हललं की ह्यांची पाठ ताठ व्हायची आणि मला जंगलाकडे पाहता पाहता कळायचं, मासा आला. त्या हिवाळ्यात ह्यांची पाठ कधी ताठच होईना. पोत्यासारखी सैल. आम्ही रोज रिकाम्या हातानं घरी, आणि आकड्यावरची कणीक रोज गायब.

एक दिवस मला राहवलं नाही. नियम मोडून मागे पाहिलं. पीस पाण्याखाली, काठीचं टोक वाकलेलं, आणि हे समोर पाहत बसलेत, देवळात बसल्यासारखे.

"अवो, पीस बुडलं!"

"हव, पाहून राह्यलो ना," हे म्हणाले. "त्याले नीट गिळू देऊन राह्यलो."

त्यानं नीट गिळलं आणि गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलावं माणसानं, पण माझ्यापाशी? म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी नदीवर पोचल्याबरोबर मी काठी हातात घेतली.

"आज मी गरी धरते. तुमी जंगल पाहा."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? जन्मभर जंगल पाहिलं, आता जरा पाणी पाहू द्या. का दिसत नाही तुम्हाले?"

आता हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी. "दिसते ना. कायले नाई दिसन?" असं म्हणून बसले जंगलाकडे तोंड करून. मला वाटलं होतं, घटकाभरात हरतील आणि कबूल करतील. पण हा माणूस मोठा जिद्दी. ताठ बसून, अगदी माझ्यासारखं, मध्ये मध्ये म्हणायला लागला, "साफ हाय."

मी सारखी मागे वळून पाहत होते. पहिल्यांदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मग नदी दिसली. खोटं कशाला सांगू, जाळ्यावाल्याची लेक असून मी नदी अशी कधी पाहिलीच नव्हती. निवळशंख पाणी, खाली गोल दगड, वर माझं पीस. ते हललं. पुन्हा हललं. मागून आवाज आला, "साफ हाय." मी विसरले, कोण म्हणतंय ते. पीस बुडालं आणि मी काठी ओढली, आणि माय वं, हातभर रोहू तडफडत वाळूवर!

मी हरखून वळले, ह्यांना दाखवायला. आणि मला दिसलं.

समोरच्या तेंदूच्या झाडाखाली काहीतरी काळं उभं होतं. आमच्या ओसरीपासून विहीर आहे तेवढ्याच, वीसेक पावलांच्या अंतरावर.

"अवो," मी ओठ न हलवता विचारलं, "ते समोर काय हाय?"

"कुठी?"

"तेंदूच्या खाली."

"दगड हाय तो. कवाचा हाय."

दगडानं कान हलवला.

गवा होता. एकटा, म्हातारा नर, असा गवा वाईट. मी ह्यांचं मनगट धरलं आणि दाबलं. पळायचं नसतं. आम्ही बसून राहिलो. तो आमच्याकडे पाहत राहिला. मग नाकातून जोरात फुसकारला, तेवढं ह्यांना ऐकू आलं. शेवटी तो वळला आणि फांद्या मोडत आत निघून गेला. मागे वाळूवर पाहते तर रोहूही आकड्यातून सुटून, उड्या मारत मारत पाण्यात पोचलेला. माझा जन्मातला गरीचा पहिला मासा!

बोलायला मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं, वर्षभराचं साठलेलं. पण तेच आधी बोलले.

"काय होता?"

"गवा."

"अन् म्या साफ हाय म्हणून राह्यलो होतो."

"हव."

"अन् तू पाठ करून बसली होती."

"तुमच्या भरोशावर," मी म्हटलं. घालूनपाडून बोलायचं होतं, पण आवाज भलताच निघाला.

ते बराच वेळ तेंदूकडे पाहत राहिले, म्हणजे तेंदू आहे असं त्यांना वाटत होतं तिकडे. "गव्याच्या जागी दुसरा असता तं..." म्हणाले. मला रडू कोसळलं. इतके दिवस मी सांगत होते की तुमचं काही बरंवाईट होईल, आणि त्याचं ह्यांना काहीच वाटलं नव्हतं. माझं होईल, हे ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला धीर द्यायला त्यांनी हात पुढे केला आणि तो कणकेच्या डब्यात घातला.

"डबा हाय तो," मी म्हटलं.

"दिसून राह्यला मले," म्हणाले. मग हाताची कणीक पुसत, "नाई दिसत. शिबिर कवा हाय वं?"

झालं ऑपरेशन, दोन्ही डोळ्यांचं, एकामागून एक. सुईनं काही ते मेले नाहीत. आता दिसायला लागलं तर तो वेगळा ताप: भिंतीला पोपडे आलेत, पितळेच्या हंड्याला डाग आहे, वरणात खडा आहे. आधीच बरं होतं, असं दिवसातून एकदा माझ्या तोंडून निघतंच.

पावसाळा सरून पाणी निवळलं तसे आम्ही पुन्हा अंधारीवर गेलो. नवे डोळे, नवा दोरा. मी आपली सवयीनं जंगलाकडे तोंड करून बसायला लागले, तर ह्यांनी काठी माझ्या हातात दिली.

"तू धर."

"अवो, आता तं पीस दिसन तुम्हाले! एवढ्यासाठी तं डोळे केले ना?"

"पीस चुकलं तं नुसता मासाच जाईन," ते म्हणाले, आणि जंगलाकडे तोंड करून बसले. "सरक इकडं, पाठ टेकव."

तेव्हापासून तसंच चाललंय. मासा म्हणाल तर एक लागत नाही, कारण हा माणूस गप्प बसत नाही. साफ हाय. मोर हाय एक. लांडोर हाय त्याच्या मागं. मुंगूस गेलं. साफ हाय. पान पडलं. मी ओरडते, अवो, मासे पळतात, पानं कायले मोजता? ते घटकाभर गप्प राहतात आणि पुन्हा सुरू होतात. पीस पाण्यावर स्वस्थ पडलेलं असतं. माझ्या पाठीला त्यांची पाठ ताठ लागलेली असते, आणि मी मागे वळून पाहत नाही.