मुठीची खूण

माझ्या काकाला सगळी गल्ली ‘भडभड्या’ म्हणायची. एक तर डिझेलचं जनरेटर भाड्याने देण्याचा त्याचा धंदा, आणि दुसरं, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळे गुपितसुद्धा तो ओरडूनच सांगायचा.

जनरेटर खोलीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काका-काकूंचा संसार खुणांवर चालला. अंगठा वर म्हणजे चालू कर, वळलेली मूठ म्हणजे बंद कर. काकाची टकळी सुरू झाली की काकू मूठ दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. ‘बंद पडलं’ याला मात्र त्यांच्यात खूणच नव्हती. जनरेटर बंद पडलं की सगळ्या गल्लीला कळायचं, वेगळं सांगायचं कशाला?

त्या धुराने काकूची फुप्फुसं खाल्ली. मला त्या धंद्याचा आजही संताप येतो. डॉक्टरांनी तिला घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेव्हा काकाने जनरेटर विकलं आणि वीज गेली तरी मशीन चालावं म्हणून फ्युएल सेलची पेटी आणली. छोट्या बॅगेएवढी. हायड्रोजनचं नळकांडं बसवलं की वीज सुरू. ना धूर, ना आवाज, खालून नुसतं पाणी ठिबकायचं. येईल त्याला काका ते पाणी दाखवायचा.

“बघ, एवढीच हिची घाण! ही आधी मिळाली असती ना...” आणि तो पेटी पुसायला घ्यायचा.

नळकांडं संपत आलं की पेटी बारीक आवाजात पीं पीं करायची. विकणाऱ्याने ते वाजवून दाखवलं, काकाने मान डोलावली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली, हे त्याने मला नंतर सांगितलं.

त्या दुपारी वीज गेलेली. काकूचं मशीन पेटीवर चालू होतं, काका शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होता. काकूने मूठ वर केली. नाकातल्या नळीचा तिला वैताग यायचा, आणि घटकाभर काढली तर चालेल असं डॉक्टरही म्हणाले होते. अशी मूठ ती नेहमीच दाखवायची.

“हो गं, करतो बंद. किती घाई!” काकाने पेटीचं बटण दाबलं, नळी काढली, उशी सारखी केली. तिने पुन्हा मूठ दाखवली.

“केलं की बंद!” म्हणत त्याने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. भरलेलं नळकांडं खाटेखालीच होतं.

मी पोचले तेव्हा वीज आली होती. पेटीतलं नळकांडं रिकामं होतं. काका तसाच तिचा हात धरून बसला होता.

“हळू बोल,” तो मला ओरडून म्हणाला, “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

आता मी गेले की तो एकच विचारतो. “बंद पडलं, हे सांगायला तू काय खूण केली असतीस गं?” मी दर वेळी काहीतरी नवीन करून दाखवते. तो निरखून बघतो, स्वतःच्या हाताने तशीच करून पाहतो.

“ही मला कळली असती,” तो म्हणतो.